आत्याचं लॅटिन : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

आत्या भांडी पुसताना काहीतरी पुटपुटते. ते लॅटिन आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे, अर्थ मात्र तिच्यासकट कुणालाच माहीत नाही. ती ८० वर्षांची आहे. ती मुलगी असताना वसईत आमच्या चर्चची मिस्सा (उपासनाविधी) लॅटिनमध्ये व्हायची आणि ती गायनमंडळात होती. दुसरी व्हॅटिकन परिषद (कॅथलिक चर्चची धर्मसभा) १९६५ मध्ये संपली, पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली, आणि आत्याचं पाठांतर होतं तिथेच गोठलं. साठ वर्षं त्यात भर नाही, घट नाही.

म्हणून ठरवलं : तिच्या तोंडचं लिहून काढायचं आणि शब्दन् शब्द सोडवायचा. त्यासाठी लॅटिन लागेल तेवढं शिकायचं. जवळ आहे ती दोनशे पानी वही, निळं आणि लाल पेन, फोर्टच्या फुटपाथवर ऐंशी रुपयांना मिळालेलं इंग्रजीतलं प्राथमिक व्याकरण (पहिली आठ पानं नाहीत) आणि दहावीपर्यंतचं संस्कृत, जे तीस वर्षांत उघडलेलं नाही. पतपेढीत जायच्या आधी सकाळी पाऊण तास.

१२ जून

पहिलं ध्वनिमुद्रण फसलं. ‘आत्या, म्हणून दाखव ना’ म्हटलं की ती दुसऱ्या ओळीवर अडते. मग हातात ओली ताटं आणि फडकं दिलं, फोन मसाल्याच्या डब्यामागे ठेवला. सगळं सरळ आलं.

उतरवलं ते असं : ‘पातेर नोस्तेर कुईएस इन चेलीस, सांतिफिचेतुर नोमेंतूम, आदवेनियात रेन्यूम तूम, फियात वोलुन्तास तूआ.’ म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. पण शब्द कुठे तुटतात ते तिला माहीत नाही. ‘कुईएस’ हे क्वी आणि एस असे दोन शब्द आहेत : ‘जो’ आणि ‘आहेस’. ‘नोमेंतूम’ म्हणजे नोमेन तुउम, ‘नाम तुझं’. नोमेन आणि नामन् सख्खे भाऊ आहेत हे कुणी सांगायची गरज नाही.

उच्चाराचा प्रश्न आजच सोडवून टाकला. आत्याचं लॅटिन चर्चमधलं, इटालियन वळणाचं. तिथे चेलीस आणि रेन्यूम. रोमन वक्ता सिसेरोच्या काळी तेच काइलीस आणि रेग्नुम होतं (आणि सिसेरो किकेरो होता). रेन्यूममध्ये मला काही दिसलं नाही, पण रेग्नुम लिहिल्याबरोबर आतलं ‘राज्य’ डोकावलं. म्हणून वहीत जुना उच्चार, ऐकताना आत्याचा.

२० जून

पहिला विभक्तिगण, म्हणजे एका साच्यात चालणाऱ्या नामांचा गट. हा आठवडाभर पुरला, आणि तो व्याकरणापेक्षा लिपीमुळे जास्त.

नमुन्याचा शब्द रोस, म्हणजे गुलाब. प्रथमेत शेवटचा अ ऱ्हस्व : रोस. अब्लातिव्ह नावाच्या विभक्तीत तो दीर्घ : रोसा. इंग्रजी पुस्तक हा फरक अक्षरावर बारीक आडवी रेघ देऊन दाखवतं, आणि माझ्या प्रतीत निम्म्या रेघा छपाईत उडाल्या आहेत. देवनागरीत रेघेची गरजच नाही, काना दिला की झालं. पहिल्या दिवशी मी भलताच खूश होतो. मग मोठ्याने वाचायला लागलो आणि रोसचा रोस् झाला. मराठी जीभ शेवटचा अ गिळते, तिला बापाने दटावलं तरी. शेवटी नियम केला : ही वही श्लोकासारखी वाचायची, ‘रामस्य’ म्हणताना जसा अ उच्चारतो तसा. जिथे खरंच अ नाही तिथे पाय मोडायचा : रोसम् , अक्वम्.

लिबेर म्हणजे पुस्तक आणि लीबेर म्हणजे मोकळा, हेही देवनागरीत आपोआप वेगळं पडतं. पण ए आणि ओ आले की गाडं अडतं. लॅटिनमध्ये ते ऱ्हस्वही आहेत, दीर्घही, आणि आपल्याकडे एकच. वेनित् ऱ्हस्व ए ने ‘येतो’, दीर्घ ए ने ‘आला’. पोपुलुस् ऱ्हस्व ओ ने ‘लोक’, दीर्घ ओ ने पॉपलरचं झाड. सगळ्यात वाईट एस्त् : ऱ्हस्व असेल तर ‘आहे’, दीर्घ असेल तर ‘खातो’. ‘देउस् एस्त्’ लिहिलं आणि बराच वेळ बघत बसलो. देव आहे की देव जेवतोय? आत्याला हे सांगितलेलं नाही.

तोडगा : दीर्घ ए-ओच्या खाली लाल पेनाने रेघ. म्हणजे रेघ टळली नाहीच, वरची खाली आली इतकंच.

बाकी विभक्ती बऱ्या आहेत. द्विवचन नाही, हे वाचून दहावीतला मी सुटकेचा श्वास टाकता झालो. विभक्ती सहा. तृतीया, पंचमी आणि बहुतेक सप्तमी एकाच अब्लातिव्हमध्ये कोंबल्यात, त्यामुळे ‘ने’, ‘हून’ आणि ‘त’ यांतलं नेमकं कोणतं ते आधीच्या अव्ययावरून ओळखायचं. आणि एकटं रोसाइ तीन ठिकाणी काम करतं : गुलाबाचा, गुलाबाला, आणि अनेक गुलाब.

२३ जून

पाऊस. वीज नाही. काही नाही.

४ जुलै

इंग्रजी पुस्तकाच्या लेखकाची कीव यायला लागली आहे. ‘लॅटिनमध्ये क्रियापद शेवटी येतं, गोंधळू नका’ यावर त्याने दोन पानं घालवली आहेत. ‘पुएल्ल अक्वम् पोर्तत्’ : मुलगी पाणी आणते. शब्दावर शब्द ठेवा, सरकवायचं काही नाही. ‘अ’ आणि ‘द’ लॅटिनमध्ये नाहीत यावर अजून एक पान. आमच्यातही नाहीत, काका, पुढे चला.

उलट, ज्यावर तो दीड ओळ लिहितो तिथे मला थांबावंसं वाटतं. ‘आणि’साठी एक क्वे आहे, तो शब्दाच्या शेपटीला लागतो. रोमच्या नाण्यांवर, कमानींवर एस-पी-क्यू-आर ही चार अक्षरं असतात, त्यांतलं सेनातुस् पोपुलुस्क्वे म्हणजे ‘सिनेट लोक-च’, अगदी ‘रामः कृष्णश्च’ मधल्या च सारखं. नुसतं सारखं नाही, क्वे आणि च हा मुळात एकच शब्द. तसंच कुम् म्हणजे ‘सह’. तो एरवी नामाच्या आधी बसतो, पण सर्वनाम आलं की मराठी शब्दयोगी अव्ययासारखा मागे जातो : मेकुम् , माझ्यासह, वोबीस्कुम् , तुमच्यासह. आत्याचं ‘दोमिनुस वोबिस्कुम’ तिथून आलं. प्रभू तुम्हांसह.

तिला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘ते फादर म्हणायचे. आपण म्हणायचं एकुंस्पिरितूतूओ.’ बरोबर आहे : एत् कुम् स्पीरितू तुओ, ‘आणि तुझ्या आत्म्यासह’. एतचा त् कुठे गेला ते साठ वर्षांना विचारा. (आत्या घरात सामवेदी ही वसईची बोली बोलते, मी इथे तिचं बोलणं प्रमाण मराठीत उतरवतोय, त्यात तिची लय जाते.)

१३ जुलै

दोन सकाळी फुकट. आत्याचं ‘किरिये एलेइसोन’ घेतलं आणि एलेइसोन हे तिसऱ्या गणातलं नाम समजून चालवायला बसलो. कोशात सापडेना. षष्ठी एलेइसोनिस असेल असं गृहीत धरून सगळा तक्ता भरला, अनेकवचनासकट. आज कळलं की ते लॅटिनच नाही. मिस्सेतली ही ओळ ग्रीक आहे, लॅटिन मिस्सेत ती तशीच राहिली. एलेइसोन म्हणजे ‘दया कर’, क्रियापद.

तक्ता खोडला नाही, पान दुमडून ठेवलं. एक गोष्ट हाती लागली : किरिये हे किरिओसचं संबोधन, तसंच दोमिने हे दोमिनुस्चं. दोन्हींकडे हाक मारताना ए. आपल्याकडे देव, हाक मारताना देवा.

२१ जुलै

तिसरा विभक्तिगण, आणि सगळे याला घाबरतात. कारण प्रथमेवरून पुढची रूपं कळत नाहीत. रेक्स् म्हणजे राजा, पण ‘राजाचा’ म्हणजे रेगिस्. पाक्स् म्हणजे शांती, षष्ठी पाकिस्. होमो म्हणजे माणूस, षष्ठी होमिनिस्. नोमेन् , षष्ठी नोमिनिस्. म्हणून शब्द पाठ करताना षष्ठी जोडीनेच पाठ करायची असते.

इंग्रजी पुस्तक म्हणतं, ‘मूळ अंग’ शोधा. मला हे दुसऱ्या शब्दात आधीच येतं : सामान्यरूप. विंचू, पण विंचवाला. भाऊ, पण भावाला. माणूस, पण माणसाला, मधला ऊ गायब. मराठी मुलाला हे कुणी शिकवत नाही, पण बाहेरच्या माणसाने मराठी शिकायला घेतली की तो इथेच रडतो. आता माझी पाळी. होमो-होमिन् हे विंचू-विंचव् म्हणून लिहिलं आणि पान एकदम ओळखीचं वाटलं.

याच गणामुळे चर्चच्या वेदीवरची आय-एच-एस ही तीन अक्षरं उलगडली. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भिंतीवरही ती आहेत. लोक ती ‘येसुस् होमिनुम् साल्वातोर’ अशी वाचतात : येशू, माणसांचा तारक. होमिनुम् म्हणजे षष्ठी बहुवचन, होमिन् ला उम्. पण हे वाचन मागाहूनचं. मुळात ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली अक्षरं. पुन्हा ग्रीक! यावेळी तक्ता भरायच्या आधी बघितलं.

२ ऑगस्ट

आज पतपेढीत जाताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

चतुर्थी आणि अब्लातिव्ह यांचं बहुवचन लॅटिनमध्ये नेहमी एकच. तिसऱ्या गणात ते इबुस् : देबितोरिबुस् , देणेकऱ्यांना. संस्कृतातही चतुर्थी-पंचमीचं बहुवचन एकच असतं, भ्यः. आणि हा बुस् आणि तो भ्यः नातेवाईक आहेत. आता ओम्निस् म्हणजे ‘सर्व’, त्याची चतुर्थी बहुवचन ओम्निबुस् , ‘सर्वांसाठी’. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये भाड्याच्या सार्वजनिक घोडागाड्यांना हे नाव पडलं, आणि इंग्रजीत ते तोडलं गेलं. तोडताना ‘सर्व’ गेला आणि प्रत्यय उरला. म्हणजे नवघर डेपोत आपण ज्याची वाट बघत उभे राहतो तो नुसता विभक्तिप्रत्यय आहे. ‘भ्यः आली का?’ असं विचारायला हरकत नाही.

२४ ऑगस्ट

लाजिरवाणी नोंद. तीन वर्षांपूर्वी वाडीत रोपं विकायला ठेवली तेव्हा मी हौसेने पत्र्याच्या पाट्या रंगवल्या होत्या, शास्त्रीय नावांसह. चिंचेवर लिहिलं होतं ‘टॅमरिंडस इंडिकस’. कुठूनतरी उतरवताना मीच ते ‘दुरुस्त’ केलं होतं. अस् ला अस् जुळवला.

लॅटिनमध्ये झाडांची नावं स्त्रीलिंगी असतात, शेवट उस् असला तरी. पिरुस् (नासपती), क्वेर्कुस् (ओक), फीकुस् (अंजीर) सगळ्या बाया. म्हणून पिंपळ हा फायकस रिलिजिओसा, रिलिजिओसस नव्हे. चिंच टॅमरिंडस इंडिका. आपल्याकडे चिंच स्त्रीलिंगीच, तिथे तरी चुकायला नको होतं. वडाला फायकस बेंगालेन्सिस म्हणतात, तिथे काही कळत नाही, कारण एन्सिस् दोन्ही लिंगांना चालतो. तुळस ऑसिमम टेन्युइफ्लोरम, ती नपुंसकलिंगी, म्हणून दोन्हीकडे उम्.

नारळाचं नाव मात्र आवडलं : कोकोस न्युसिफेरा. नुक्स् , षष्ठी नुकिस् , म्हणजे कठीण कवचाचं फळ, आणि फेरा ‘धारण करणारी’. आंबा मँजिफेरा. हा फेर् म्हणजे आपला भृ, भरामि. लॅटिनच्या फ ला संस्कृतात अनेकदा भ भेटतो, जसा फ्रातेर् ला भ्राता.

वनस्पतिशास्त्रात १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नसत. मला वाटायचं लॅटिन चर्चने जगवली.

पाटी उतरवली. रंग आणायचा आहे.

८ सप्टेंबर

शेजारी कालपासून गणपती, आमच्याकडे मारियेचा जन्मदिवस. दोन्हीकडचं खाल्लं. अभ्यास नाही.

१५ सप्टेंबर

ज्यासाठी तीन महिने घासलं ते आज आलं.

आदवेनियात. वर्तमानातलं साधं रूप अद्वेनित् , ‘येतो’. यात इ च्या मागे अ येतो : अद्वेनिअत्. इंग्रजी पुस्तक इथे घामाघूम झालंय. या अर्थाला त्यांच्याकडे धड रूप उरलेलं नाही, म्हणून ‘मे’, ‘लेट’, ‘शुड’ अशी ठिगळं लावत पंधरा पानं. मला एक अक्षर पुरलं : वो. येतो, येवो. अद्वेनित् , अद्वेनिअत्. ‘तुझे राज्य येवो’ हे आम्ही दर रविवारी म्हणतो, आणि ते लॅटिनच्या मापाने शिवल्यासारखं बसतं. फीअत् म्हणजे होवो. (फियाट गाडीचा याच्याशी संबंध नाही, ती तुरीनच्या कारखान्याची आद्याक्षरं.) सांक्तिफिकेतुर् हे कर्मणी : ‘पवित्र मानलं जावो’. पहिल्या क्रियागणात आधीच आ असतो, म्हणून तिथे उलट ए करतात, बाकीच्यांत अ. एवढाच काय तो फेरा.

पुढचं ‘पानेम् नोस्त्रुम् ... दा नोबीस् होदिए’ तर भाषांतराची वाटच बघत नाही. दा म्हणजे दे. नोबीस् , आम्हांस. होदिए, आज.

संध्याकाळी आत्याला ओळीओळीने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे मराठीतलंच आहे की. मला वाटलं काहीतरी वेगळं असेल.’ थोडी खट्टू झाली असावी.

२९ सप्टेंबर

शेवटची ओळ : ‘सेद लीबेरा नोस आ मालो.’ आत्या मा लांबवते. मी ऐकलं तसं उतरवलं, आणि कोशात मालुम् शोधलं : सफरचंद. ‘पण आम्हांला सफरचंदापासून सोडव.’ क्षणभर पटलंही, एदेनच्या बागेतलं फळ आहे ना! पण शब्द ऱ्हस्व आहे, मलो. मलुम् म्हणजे वाईट. लॅटिन वाचणाऱ्यांनी या जोडीवर शतकानुशतकं कोट्या केल्या आहेत. एदेनचं फळ युरोपच्या चित्रांत सफरचंद होण्यामागे तिचाही हात असल्याचं सांगतात. उत्पत्तीच्या पुस्तकात नुसतं ‘फळ’ आहे.

आधीच्या ओळीत ‘देबित नोस्त्र’ म्हणजे आमची देणी, ‘देबितोरिबुस् नोस्त्रीस्’ म्हणजे आमच्या देणेकऱ्यांना. पतपेढीत बावीस वर्षं नावेच्या बाजूला डेबिट लिहितोय. आणि समोरचं क्रेडिट हे लॅटिनमध्ये चक्क पूर्ण क्रियापद आहे : क्रेदित् , ‘तो विश्वास ठेवतो’. ‘मी विश्वास ठेवतो’ म्हणजे क्रेदो, मिस्सेतला मोठा विश्वासांगीकार ज्या शब्दाने सुरू होतो तो. क्रेदोचं संस्कृतातलं भावंडं कोण? श्रद्धा. क्रेद्-दो, श्रद्-धा, दोन तुकडे जसेच्या तसे.

दुपारी एक जण कर्जाचा हप्ता थकल्याचं सांगायला आला. ‘साहेब, माझी पत राखा,’ म्हणाला. त्याला हे सगळं सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. मुदत दिली.

१३ ऑक्टोबर

ऊन पडलं. आत्या अंगणात राजेळी केळी सोलतेय, सुकेळी घालायची आहेत. मी शेजारी बसून शब्द मोजतोय. भरणा स्लिपांच्या पाठीवर लिहिलेले ४३० शब्द झाले. पैकी न बघता येतात ते तीनशेच्या आसपास.

जे राहत नाहीत ते छोटे : सेद् , नम् , एनिम् , औतेम् , इगितुर्. ‘पण’, ‘कारण’, ‘तर’, ‘म्हणून’ यांची ही भुतं, रोज सकाळी नवी वाटतात. संस्कृतची नातेवाईक मंडळी फुकटात राहतात : देन्स् दन्त, इग्निस् अग्नि, नोक्स् नक्त, नोवुस् नव, विदुअ विधवा, युगुम् युग. पण त्यांच्यावर फार विसंबू नये. विर् हा वीराचा भाऊ खरा, पण अर्थ नुसता ‘पुरुष’, घाबरट असला तरी. सेनातुस् चा सेनेशी संबंध नाही, तो सेनेक्स् , म्हातारा, यापासून. आणि मनुस् म्हणजे माणूस नव्हे, हात, तोही स्त्रीलिंगी. ही चूक मी चार वेळा केली आहे, पाचवीही करेन.

आत्मनेपदासारखा एक प्रकार भेटला : रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. सेक्वोर् , मी मागे जातो. लभते-वाल्यांना याचं भय वाटू नये.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठीत ख्रिस्तपुराण रचलं ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पण त्याआधीच, १५८३ मध्ये, त्याने भावाला पत्रात कळवलं होतं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण १७८६ चं. दोनशे तीन वर्षं आधी एका पाद्र्याच्या हे कानावर आलं, कारण तो इथल्यांशी बोलत होता. शाळेत आम्हांला फक्त जोन्स शिकवला.

२ नोव्हेंबर

मृतांचा स्मरणदिन. सकाळी आत्याला घेऊन दफनभूमीत. झेंडू, मेणबत्त्या, सगळीकडे माणसं. काकांच्या कबरीपाशी तिने आपणहून सुरू केलं, हातात भांडं नसताना : ‘रेक्विएम एतेर्नाम दोना एइस, दोमिने, एत लुक्स पेर्पेतुआ लुचेआत एइस.’ हे तिने कधीच म्हटलं नव्हतं, माझ्या वहीत नाही. पण मला ते उभ्या उभ्या कळलं. ‘चिरविश्रांती दे त्यांना, प्रभो, आणि अखंड प्रकाश प्रकाशो त्यांच्यावर.’ दोना आज्ञार्थ, एइस् चतुर्थी, दोमिने संबोधन, लूकेअत् मध्ये तोच वो. पहिल्यांदाच कोशाशिवाय.

काकांच्या दगडावर खाली आर-आय-पी आहे. तिने विचारलं, ‘हे काय म्हणतं?’ मी म्हटलं, ‘रेक्विएस्कत् इन् पाके. शांतीत विसावो.’

‘एकाच माणसाला?’

‘हो. दोघं असली की रेक्विएस्कन्त् होतं. विसावोत.’

तिने दगडावरची मोकळी जागा बघितली, काकांच्या नावाखालची. ‘मग माझं नाव घालाल तेव्हा ती अक्षरं बदलावी लागतील?’

‘नाही, आत्या. पहिलं अक्षर तेच राहतं. न आतल्या आत वाढतो.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘तो दगडवाला अक्षरामागे पैसे घेतो.’